वळणावरची फटफट

तीर्थपुरी, ८ ऑगस्ट २०२४

संघपालभाऊ,

नमस्कार. मी दैवशाला, कल्याणची धाकटी बहीण. तुम्ही मला शेवटचं पाहिलं ते दादाच्या तेराव्याला. तुम्ही पुण्याहून आला होता, ओट्यावर बसून राहिलात आणि कुणाशी न बोलता गेलात. मला ते बरं वाटलं होतं. बाकी सगळे फार बोलत होते.

पार्सलमध्ये गाडीचा ईसीयू आहे, सीटखालचा तो कॉम्प्युटरचा डबा. तुम्ही फोनवर सांगितलं की डबा पाठवायचा तर गाडीचं दुखणं कागदावर लिहून पाठव, फोनवर सगळे नुसतं 'नीट चालत नाही' म्हणतात. ठीक आहे. मी बियाण्याच्या कंपनीत फील्डला आहे, कापसाच्या सीड प्लॉटवर बाया फुलांना पराग लावायचं क्रॉसिंग बरोबर करतात की नाही हे बघत दिवसभर फिरते आणि संध्याकाळी रिपोर्ट लिहिते. हा गाडीचा रिपोर्ट समजा.

दादाने गेल्या वर्षी उन्हाळ्यात अंगणात बसून कंपनीचा सायलेन्सर काढला आणि तो पोकळ आवाजाचा लावला. एअर फिल्टरही उघडा घातला. मला म्हणाला, "बाकीचं काम संघ्या करीन. डब्यातलं पेट्रोलचं गणित बदलावं लागतं." ते काम राहिलं. मळ्यातल्या मोटरीचा शॉक लागून तो गेला आणि गाडी अर्धवट राहिली. काळ्या मातीच्या रस्त्यावर स्कूटी रुतते, म्हणून ती मीच चालवायला घेतली. गावात बोलणारे बोलतात, बोलू देत.

दुखणं असं. सकाळी थंड असताना दोनदा बंद पडते. अर्ध्या रेसवर खेचताना मध्येच दम खाते, ठेच लागल्यासारखी. उन्हात इंजिन इतकं तापतं की गुडघा भाजतो. आणि रेस सोडली की सायलेन्सरमधून फट, फटफट, फट असे बार निघतात.

आता खरं ते लिहिते. बाकी सगळं नीट करा, ते बार तेवढे राहू द्या. आमच्या घराच्या अलीकडे चिंचेपाशी वळण आहे. तिथे रेस सोडावीच लागते आणि गाडी फटफटते. तो आवाज ऐकला की आई हातातलं टाकून दारात येऊन उभी राहते. दादा असताना अशी येत नव्हती. आता रोज येते, मी हेल्मेट काढेपर्यंत माझ्याकडे एकटक पाहते आणि मग आत जाते. घरात आम्ही दोघीच. दादाचं नाव ती काढत नाही, मीही काढत नाही. तो आवाजच तेवढा उरलाय तिला.

आणखी एक. गॅरेजवाला म्हणाला की चालवणाऱ्याच्या हाताची सवय डब्याला लागते आणि ती त्यात साठून राहते. तसं असेल तर ती पुसू नका.

दैवशाला

*

भोसरी, १५ ऑगस्ट २०२४

दैवशाला,

सप्रेम जय भीम. तुझा रिपोर्ट उत्तम. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांना आपली गाडी कुठे दम खाते हे सांगता येत नाही, फक्त मित्राच्या गाडीपेक्षा मागे पडते एवढंच कळतं.

पार्सल उघडलं तर डब्यावर मार्करने 'कल्याण' लिहिलेलं. त्याचं ते वाकडं अक्षर. ITI मध्ये माझ्या पान्यांवरही तो स्वतःचं नाव लिहून ठेवायचा. डबा जरा वेळ तसाच टेबलावर राहू दिला आणि दुसरी गाडी हातात घेतली.

आता दुखणं समजून घे. कंपनीने डब्यात हिशोब भरून दिलेला असतो, इतकी हवा आली की इतकं पेट्रोल सोडायचं. कल्याणने नाक मोकळं केलं आणि घसाही मोकळा केला. हवा वाढली, डबा मात्र जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडतोय. गाडी उपाशी आहे. दम खाणं, तापणं, बंद पडणं, सगळं त्या उपासाचं. ते बारही त्यातलेच. कल्याणने मला तो आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, "ऐक, वाघ हाय का न्हाई?" मी म्हटलं, वाघ न्हाई, भुकेलं मांजर हाय. ते रेकॉर्डिंग अजून फोनमध्ये आहे. मी लावत नाही.

म्हणून एक नीट करायचं आणि दुसरं तसंच ठेवायचं हे अवघड आहे. तरी तुझ्यासाठी मधला रस्ता काढलाय. चालताना लागणारं पेट्रोल वाढवलं, रेस सोडल्यावरच्या भागाला हात लावला नाही. बार कमी होतील, पण पूर्ण जाणार नाहीत. गाडी समोर नाही, त्यामुळे अंदाजाने केलंय. आठवडाभर चालव आणि मला लिही.

सवयीचं विचारलंस. डबा थोडंफार शिकतो हे खरं, पण बॅटरी काढली की ते जातं. वर्षभरात तू बॅटरी बदलली असशील. आता त्यात असेल तर ती तुझ्या हाताची सवय. वाईट वाटून घेऊ नकोस. मीही डबा लॅपटॉपला जोडायच्या आधी क्षणभर तुझ्यासारखाच विचार केला होता.

मावशींना नमस्कार सांग.

संघपाल

*

तीर्थपुरी, २९ ऑगस्ट २०२४

संघपालभाऊ,

डबा बसवला. गाडी ओळखू येत नाही. सकाळी एका फटक्यात सुरू होते, अर्ध्या रेसवर लोण्यासारखी चालते, गुडघा भाजत नाही. प्लॉटवरच्या बाया म्हणाल्या, "मॅडम, आज गुपचूप आल्या, आम्हाला कळलंच न्हाई." त्यांचा तोटाच झाला म्हणायचा, कारण माझी गाडी ऐकू आली की त्या घाईने कामाला लागायच्या.

पण मला तो जुना हिशोब परत हवा आहे.

रागावू नका, ऐकून घ्या. डबा तुमच्याकडे होता त्या दिवसांत मी काळीपिवळी जीपने जायची-यायची आणि स्टँडपासून घरी चालत. आई एकदाही दारात आली नाही. मी आत जायची तेव्हा ती खाटेवर आडवी झालेली असायची. दिवे लागले की जेवायची आणि लगेच झोपायची. इतकी झोप तिला दादा गेल्यापासून कधी नव्हती. मला वाटलं आजारी पडते की काय, अंगाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. मग डबा आला. वळणावर एखादाच बार निघतो आता, तोही दबका. पहिल्या दिवशी आई आलीच नाही. चुलीपाशी पाठ करून बसली होती. मी मागून "आई" म्हटलं तर दचकली आणि म्हणाली, "तू कवा आलीस?"

भाऊ, मी बाहेर येऊन गाडीपाशी बसले आणि रडले. वाटलं, एवढं तिच्यापाशी होतं, तेही मीच गुळगुळीत करून टाकलं. तुम्ही म्हणाल आईला विचार. कसं विचारू? तुला दादाचा आवाज ऐकू येतो का, असं कुणी आपल्या आईला विचारतं का?

गाडी तापली तर तापू द्या. मला सवय आहे.

दैवशाला

*

भोसरी, ५ सप्टेंबर २०२४

दैवशाला,

जुना हिशोब मी देणार नाही. उपाशी इंजिन नुसतं गुडघा भाजत नाही, आत पिस्टन भाजतो. एक दिवस अंबडच्या रस्त्यावर चालत्या गाडीचं चाक जाम होईल आणि मागून कोण येत असेल सांगता येत नाही. कल्याण जिवंत असता तर त्यालाही नसता दिला. तो शिव्या देऊन गेला असता आणि दोन दिवसांनी परत आला असता.

मावशींचं वाचलं. तरी तुला एक विचारतो. त्या झोपल्या, जेवल्या, हे तू मला दुखणं म्हणून लिहिलंयस. दुखणं कशावरून? मला माहीत नाही, मी तिथे नाही. गाडीचं असो की माणसाचं, लांबून अंदाज करताना मी चुकतो, म्हणून विचारतोय.

गाडीत नवा स्पार्क प्लग घाल आणि आत्ताचा काढून पुढच्या पार्सलमध्ये पाठव, वर्तमानपत्रात गुंडाळून. आत काय जळतंय ते त्याच्या रंगावरून कळतं. पोळ्याला सुट्टी घेऊन गावी यायचा विचार होता. जमलं नाही.

संघपाल

*

तीर्थपुरी, २० सप्टेंबर २०२४

संघपालभाऊ,

प्लग पाठवते आहे. गाडी छान चालते. तुमच्यावर रागावले होते, आता नाही.

एक गंमत झाली. बार आपोआप परत आले. पहिल्यापेक्षा मोठेच. वळणावर नुसती माळ लागल्यासारखं होतं आणि आई परत दारात यायला लागली. कालच हातात पीठ तसंच घेऊन आली होती. तेव्हा आता काळजीचं कारण उरलं नाही. पेट्रोल जरा जास्त खाते एवढंच, आणि मागे बसणारीला वास येतो म्हणे. शीतल आमच्या कंपनीत पॅकिंगला आहे, तिला रोज जालन्यात सोडते, तिला सवय नाही म्हणून येत असेल.

क्रॉसिंगचे दिवस आहेत. हात पिवळे, डोळे लाल. लवकर लिहिणं होणार नाही.

दैवशाला

*

भोसरी, २६ सप्टेंबर २०२४

दैवशाला,

गाडीत आपोआप काही होत नसतं.

तुझा प्लग समोर ठेवून लिहितोय. काळा कुळकुळीत आहे, बोटाला काजळी लागते. मी भरलेल्या हिशोबाने तो विटकरी यायला हवा होता. म्हणजे गाडी आता उपाशी नाही, अजीर्ण झालंय तिला. रात्री जेवून बसलो आणि नंतर उमगलं. इंजिनातून सायलेन्सरची नळी निघते तिथे दोन नट असतात. त्यांच्या पुढे नळीत एक सेन्सर आहे, धुरात हवा किती उरली ते तो डब्याला सांगतो. ते नट ढिले केले की फटीतून बाहेरची हवा आत शिरते, गरम नळीत बार उडतात. बिचाऱ्या सेन्सरला वाटतं हवा फार झाली, तो डब्याला खबर देतो आणि डबा आणखी पेट्रोल सोडतो. खबर खोटी, त्यावरचा उपाय खरा.

ते नट तू ढिले केलेस. मला नाही म्हणू नकोस.

तुझी हुशारी मला कळते, आणि ती तू कुणासाठी केलीस तेही कळतं. पण काजळी धरलेला प्लग कधीही ठिणगी द्यायचं थांबेल, आणि तो बरोबर रेस सोडल्यावर थांबतो. म्हणजे वळणावर. आजच नट आवळ. दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. पत्र मिळाल्याबरोबर फोन कर. यावेळी रिपोर्ट नको.

संघपाल

*

तीर्थपुरी, ५ ऑक्टोबर २०२४

संघपालभाऊ,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी झालं. मी सकाळी निघून गेल्यावर पोस्टमन आला.

एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्याकडून रस्ता वळतो तिथे मी रेस सोडली, बार उडाले आणि गाडी मेली. मधोमध. मागे शीतल होती. समोरून सळयांचा ट्रक येत होता. त्याने ब्रेक मारले तशा सळया पुढे सरकल्या आणि केबिनवरून वाकून हलत राहिल्या. आम्ही दोघी गाडीसकट आडव्या झालो. मला खरचटलं, शीतलच्या कोपराला टाके पडले. ड्रायव्हर खाली उतरला. म्हणाला, "बाई, माझी बी लेकरंबाळं हायेत." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिफ्ट सुटलेल्या कामगारांनी गाडी ढकलून कडेला लावली.

शीतल माझ्याशी बोलते, पण आता मागे बसत नाही. तिच्या आईला काय सांगू? तुमच्या मुलीला मी एका आवाजासाठी ट्रकखाली घालणार होते?

आईला पडले एवढंच सांगितलं. तिने गुडघ्याला हळद लावली. तुम्ही तिला यातलं काही कळू देऊ नका.

नट आवळले. डबा परत पाठवते आहे, आता तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मी तो आवाज सोडला असं लिहायला घेतलं होतं, पण ते खोटं झालं असतं. मला अजूनही वाटतं की तुमच्याकडे काहीतरी उपाय असेल.

दैवशाला

*

भोसरी, ११ ऑक्टोबर २०२४

सोनूबाई मावशी,

नमस्कार. मी संघपाल, कल्याणचा मित्र. तुमच्या हातची तिळाची चटणी डब्यातून खाल्लेला. हे पत्र तुम्हाला दैवशाला वाचून दाखवत असेल. दैवशाला, एकही ओळ गाळू नकोस. गाळलीस तर मला कळेल.

मावशी, ती माझ्यावर रागावेल, तरी सांगतो. ती पडली ते उगाच नाही. गाडी वळणावर फटाक्यासारखी वाजते तो आवाज कल्याणचा आहे, आणि तो ऐकून तुम्ही दारात येता, असं तिला वाटतं. तो जाऊ नये म्हणून तिने गाडीचे नट ढिले ठेवले. त्यामुळे गाडी भर रस्त्यात ट्रकपुढे बंद पडली. तिला काही झालं असतं तर त्यात माझाही हात असता, कारण पहिल्यांदा तिने मागितलं तेव्हा मी अर्धं काम केलं.

आता डबा माझ्यापुढे आहे. मी गाडी पूर्ण नीट करू शकतो, तेव्हा ती वळणावर गप्प येईल. किंवा नीट करून वरून तो आवाजही घालू शकतो, धोका न होता. हल्ली पोरं हौसेनं घालून घेतात. तो कल्याणच्या गाडीसारखाच वाजेल, पण तो मी भरलेला असेल.

तुमच्या घरातलं ठरवणारा मी कोण? तुमच्या लेकीलाही ठरवता येत नाहीय. म्हणून तुम्हालाच विचारतो. मावशी, तो आवाज ठेवू की काढू? तुम्ही म्हणाल तसं करीन.

संघपाल

*

तीर्थपुरी, १७ ऑक्टोबर २०२४

(भाऊ, अक्षर माझं आहे. आई सांगते आहे. म्हणाली, मी बोलते तसंच लिही, तुझं शहाणपण घालू नको.)

संघपाल, लेकरा,

तुझं पत्र वाचताना ही पोरगी मधीच थांबली. मी म्हनलं वाच. मंग सगळं वाचलं तिनं. दोनदा वाचाया लावलं.

तू इचारलं ते बरं केलं. मला आजवर कुणी इचारलंच न्हाई, आन मी बी कुणाला सांगितलं न्हाई.

ज्या दिशी कल्याण गेला त्या दिशी ही जालन्याला व्हती. हिला ठावं न्हाई. त्यो सकाळी मोटर चालू कराया मळ्यात गेल्ता. दुपारी मी चुलीपुढं व्हते. चिंचेपाशी गाडी फटफटली. मी म्हनलं, आला. तव्यावर भाकर टाकली, कांदा फोडला. गाडी दारात येऊन थांबली. मी आतूनच म्हनलं, हात धू, भाकर होऊन राह्यली. त्यो काही बोलंना. पुन्हा म्हनलं, धुतले का हात? तरी बोलंना. बाहेर येऊन बघते तर गाडीवर शेजारचा बद्रीनाथ. कल्याणच्या चपला त्याच्या हातात. त्याला त्वांड उघडून सांगता येईना, नुसता उभा. गाडी तीच, आवाज त्योच, आन वर माझं लेकरू न्हाई.

(इथे मी लिहायची थांबले होते. आई म्हणाली, लिही.)

तवापासून त्यो आवाज आला की मला पुन्हा तीच दुपार दिसती. दैवशालाला वाटतं मी कल्याणची वाट बघते. मी येडी न्हाई. त्याला मी माझ्या हातानं आंघोळ घातली. त्यो गेला हे मला बराबर ठाऊक हाय. मी दारात येते ते गाडीवर ही हाय का दुसरं कुणी आलंय ते बघाया. हिनं हेल्मेट घातलेलं असतं, त्वांड दिसत न्हाई. ते काढस्तोवर मला वाटतं, कुणीतरी हिच्या चपला घिऊन आलंय. रोज. संध्याकाळ व्हाया लागली की माझे हातपाय गार पडतात.

मधी गाडी बंद व्हती, ही जीपनं याची, तवा मी पोटभर जेवले. झोपले. ही मला ताप बघाया लागली.

मी बोलायाला पाह्यजे व्हतं. पण तिला ती गाडी लय प्यारी. भावाची एवढीच आठवन हाय तिच्यापाशी, तीबी कशाला हिसकावून घ्याची, म्हनून गप राह्यले. त्यो आवाज मी तिच्यापायी ऐकून घेतला, आन तिनं माझ्यापायी ठेवला. एक लेकरू त्या मोटरीनं नेलं, दुसरं आम्ही दोघी मिळून घालवून बसलो असतो.

तू खोटा आवाज घालीन म्हनतो. घालू नको. खरा बी बिलकुल काढून टाक. जल्दी कर.

ये कधी. चटणी करीन.

सोनूबाई

*

तीर्थपुरी, ९ नोव्हेंबर २०२४

संघपालभाऊ,

दिवाळी झाली. तुम्हाला उशिरा लिहिते आहे.

डबा बसवला, नट आवळलेलेच आहेत, वळणावर एकही बार निघत नाही. शीतल अजून बसत नाही, पण काल गाडीला हात लावून म्हणाली, "आता किती शांत झाली गं." मागे बसेल हळूहळू. प्लग सोबत पाठवत नाही. विटकरी आहे, माझ्यावर विश्वास ठेवा.

ते पत्र लिहिताना माझा हात कसा चालला मला माहीत नाही. वर्षभर रोज संध्याकाळी मी माझ्या आईला मेल्याचा निरोप नेऊन देत होते, आणि ती घ्यायला दारात येत होती, आणि मला वाटायचं ती लेकाला भेटायला येते. एवढंच नाही. नंतर मला कळलं की त्या आवाजाला मीच चिकटून बसले होते. आईचं नाव पुढे केलं होतं. आता वळणावर रेस सोडली की मी कान देते. काही येत नाही. चिंचेचा पाला हलतो तेवढा. मग दादा खरंच गेला असं रोज त्या ठिकाणी नव्याने वाटतं, आणि तिथून पुढे मी गाडी सावकाश नेते.

डबा बसवला त्याच संध्याकाळचं सांगायचं होतं. मी दारात गाडी उभी केली. दार उघडं होतं, दारात कुणी नव्हतं. आत तव्यावर भाकरीचा वास सुटला होता. मी स्टँड लावला, तसा आतून आईचा आवाज आला, "हात धू, भाकर होऊन राह्यली."

ती उठली नव्हती. बघायला आली नव्हती. पण तेवढं बोलून ती थांबली, पुढे काही बोलेना, आणि तव्यावर उलथन्याचा आवाजही थांबला.

माझं हेल्मेट अजून डोक्यातच होतं. बक्कल सुटेना. ते तसंच ठेवून मी ओरडले, "आले गं आई, मी आहे, मीच आहे, धुते." शेजारचे बद्रीनाथकाका ओट्यावर येऊन बघायला लागले, इतक्या मोठ्याने.

मग आत भाकरी उलटल्याचा आवाज आला.

दैवशाला